सांगोल्याचं ऊन

वैशू, दमले गं.

हे वाक्य आपण दोघी दिवसातून कितीदा तरी म्हणायचो. एकीने म्हणायचं, दुसरीने "मी पण" म्हणायचं आणि दोघींनी उठून पुन्हा कामाला लागायचं. त्याला उत्तर नको असायचं, सहानुभूती तर नकोच. नुसतं ते "मी पण" पुरायचं. आता मी म्हणते आणि पुढे काही येत नाही. परवा ओट्यापाशी सवयीने तोंडातून गेलं, तर तुझा दादा हॉलमधून म्हणाला, "मग जरा पड ना." चुकीचं काही बोलला नाही तो. पण मला पडायचं नव्हतं.

तुझ्या तेराव्याला जमलेली माणसं आपापल्या गावी गेली. कामोठ्यात पाऊस मात्र तसाच चालू आहे. गेटपाशी पाणी, लिफ्ट बंद, जिन्यात छत्र्या, भिंतीला आपल्या कपाटामागे पुन्हा ती काळी बुरशी. ती पुसायचं तुझं काम होतं. मी अजून पुसलेली नाही.

तू इथे राहायला आलीस ते दिवस आठवतात का? सासर कायमचं सोडून, एक बॅग घेऊन भावाच्या दारात आलेली नणंद. आपण काही पहिल्या दिवसापासून मैत्रिणी नव्हतो. वन बीएचके, आईंना धरून आपण पाच माणसं, त्यात माझ्या रोहनची बारावी. तो हॉस्टेलवर गेला ते पुढे. स्वयंपाकघरात तुझा हात माझ्या हाताला लागला की दोघी "सॉरी" म्हणायचो, परक्या बायकांसारखं. तू तुझं ताट वेगळं घासायचीस. मला ते टोचायचं आणि मी बोलायचे नाही.

मग आई बाथरूममध्ये पडल्या. कमरेचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण त्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. त्यांना पहिल्यांदा उचललं ते आपण दोघींनी, तू खांद्याकडून, मी पायांकडून. तू "एक, दोन" म्हणालीस आणि मी तीनची वाट न बघता उचललं. आई ओरडल्या, "माझी मोट बांधा आता दोघी!" आणि आपण तशाच, त्यांना अर्धवट उचललेल्या अवस्थेत, हसत सुटलो. त्या दिवसानंतर सॉरी संपलं.

सकाळचं पुसणं, वेणी, पावडर तुझ्याकडे. तेवढं करून तू कळंबोलीच्या नाक्यावर कंपनीची बस पकडायचीस आणि जासईला कंटेनर यार्डाच्या ऑफिसात जायचीस. दिवसभर आई माझ्याकडे. संध्याकाळी तू आलीस की पुन्हा तुझ्याकडे. तुझा दादा वाशीच्या मार्केटमध्ये माथाडी, आयुष्यभर कांद्या-बटाट्याची पोती उचललेला माणूस. पण स्वतःच्या आईला कूस बदलून द्यायची म्हटलं की म्हणायचा, "मला जमणार नाही, तिला लागेल." पोत्याला लागत नाही म्हणून पोती जमतात, असं तू म्हणायचीस.

आणि मग यायचा पावसाळा. आईंच्या चादरी रोज धुवाव्या लागतात, कधी दोनदा, कधी चारदा. उन्हाळ्यात खिडकीतल्या दोरीवर तासात वाळतात. जुलैत हॉलभर दोऱ्या बांधून, पंख्याखाली टाकून, शेवटी इस्त्री फिरवून फिरवून वाळवायच्या. घरात कायम त्या ओल्या कापडाचा कुबट वास. आईंच्या पाठीला त्या दमट चादरींनी पुरळ उठायचं. आपण दोघी इस्त्री गरम करून एकीकडे चादर वाळवत आणि दुसरीकडे एकमेकींवर चिडत असायचो.

त्या सकाळबद्दल मला बोलायचंय. गेल्याच्या गेल्या वर्षीच्या श्रावणातली ती सकाळ. यार्डात पाणी भरलं म्हणून ऑफिसने तुम्हाला दोन दिवस येऊ नका असं सांगितलं होतं. मार्केटमध्ये गाड्याच आल्या नव्हत्या म्हणून तुझा दादाही घरी, पेपर घेऊन बसलेला. मी इस्त्री करत होते आणि लाइट गेली. हातात अर्धी ओली चादर. मी ती चादर तोंडावर दाबून धरली आणि तशीच उभी राहिले. रडत नव्हते. पुढे काय करायचं ते सुचत नव्हतं इतकंच.

तू खिडकीत उभी राहून मोबाइल बघत होतीस. बोट नकाशावर सरकवत होतीस, ढग, ढग, ढग. मग म्हणालीस, "वहिनी, इकडे ये. हे बघ, सूर्य."

"कुठे?"

"सांगोला."

"मग?"

"मग काय, चल."

मला वाटलं तू गंमत करतेयस. तू कपाटावरून बॅग काढलीस. तुझ्या दादाने पेपर खाली घेतला. "सांगोल्यात आपलं कोण आहे?"

"कोणी नाही. म्हणून तर."

"अगं पण आईचं कोण बघणार?"

तू त्याच्याकडे अशी बघत राहिलीस, की त्याला आपणच उत्तर द्यावं लागलं. "मी? मला नाही जमत गं ते."

"दादा," तू म्हणालीस, "ती तुझी आई आहे. मी माझ्या नवऱ्याची आई सोडून आलेय, आणि वहिनी तर स्वतःची आई कोल्हापूरला सोडून हिला सांभाळतेय. एक दोन दिवस तू तुझी सांभाळ."

आतल्या खोलीतून आईंचा आवाज आला. त्यांना सगळं ऐकू यायचं, हे आपण नेहमी विसरायचो. "जावा की गं पोरींनो. मी काय पळून जातीय व्हय?"

तू दोन ड्रेस टाकलेस, मी एक साडी, एक गाऊन. आणि मग तू काय केलंस? दोरीवरच्या सगळ्या ओल्या चादरी ओढून काढल्यास, दोन मोठ्या पिशव्यांत कोंबल्यास. "यांना पण ऊन दाखवू," म्हणालीस. कळंबोलीला पुलाखाली छत्री सांभाळत उभ्या राहिलेल्या आपल्या दोघींकडे आणि त्या ठिबकणाऱ्या पिशव्यांकडे लोक बघत होते. तू एका काकांना सांगितलंस, "लॉन्ड्रीला चाललोय."

बसमध्ये मी सारखी फोन हातात धरून होते. घाटात धुकं, काचेवरून पाण्याचे ओघळ, पुढचं काही दिसेना. तू माझ्या हातातून फोन घेतलास आणि तुझ्या पर्समध्ये टाकलास. पुण्याच्या पुढे पाऊस भुरभुरू लागला, मग थांबला. पुढे कुठेतरी मी पेंगत होते तर तू कोपराने ढोसलंस. "वहिनी, धूळ बघ. धूळ!" रस्त्याच्या कडेने एक बैलगाडी चालली होती आणि तिच्या चाकांमागे खरंच धूळ उडत होती. आपण त्या धुळीकडे असं बघत होतो जसं लोक धबधब्याकडे बघतात.

सांगोल्याच्या स्टँडवर उतरलो तेव्हा संध्याकाळचं तिरपं ऊन पडलं होतं. तुला तुझी सावली दिसली. कितीतरी आठवड्यांनी दिसली असेल. तू एक पाय पुढे टाकून बघितलास, हात वर करून बघितलास, तिथल्या रिक्षावाल्यांसमोर. मी म्हटलं, "चल, लोक बघतायत." तू म्हणालीस, "बघू देत. यांच्या ओळखीचं इथे कोण आहे आपल्यात?" वाक्य उलटंपालटं झालं होतं, पण मला कळलं.

स्टँडसमोरच्या लॉजवाल्याला मात्र काही कळेना.

"कुणाकडं आलाय?"

"कोणाकडे नाही."

"लगीन हाय का कुणाचं? का कोर्टाचं काम?"

"ऊन खायला आलोय," तू म्हणालीस.

त्याने माझ्याकडे बघितलं, दोघींत शहाणी कोण ते ठरवायला. मी म्हटलं, "चादरी वाळवायच्यात."

त्याने वाकून पिशव्या बघितल्या. मग चावी काढून दिली. "वाळवा की. वर गच्ची हाय. आमच्याकडं दुसरं काय हाय हो? मिरगापास्नं आमी बी वाळतोयच."

जिना चढताना तू हसली नाहीस. खोलीत गेल्यावर म्हणालीस, "शी. आपण इथे मजा करायला आलोय आणि यांचं पीक जळतंय." मी म्हटलं, आपण ऊन संपवून जाणार नाही त्यांचं. पण खरं सांगू, मलाही ते लागलं होतं. फक्त माझ्यात लागून घ्यायची ताकद उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर आपण त्या सगळ्या चादरी दोऱ्यांवर टाकल्या. लॉजवाल्याच्या बायकोने एका कोपऱ्यात मटकी उन्हात घातली होती. ती हात कमरेवर ठेवून आपलं काम बघत होती.

"मुंबईला लई पाऊस म्हनं. टीव्हीवर दावत्यात. गाड्या तरंगत्यात."

"हो ना," तू म्हणालीस. "मावशी, अदलाबदल करता आली असती तर किती बरं झालं असतं."

"न्हाई व्हत तसं," ती म्हणाली. रागाने नाही, नुसतं माहिती दिल्यासारखं. मटकीवरून एकदा हात फिरवला आणि खाली गेली. थोड्या वेळाने तिने आपल्यासाठी एक जुनी सतरंजी वर पाठवून दिली.

त्या सतरंजीवर मी झोपले. दोन चादरींच्या मध्ये, सावलीत डोकं आणि उन्हात पाय. घरी झोपते तेव्हा माझा एक कान आतल्या खोलीत असतो. तिथे माझे दोन्ही कान झोपले. उठले तेव्हा तू भिंतीला टेकून बसली होतीस, केस मोकळे सोडून, आणि तुझं पुढच्या वर्षांचं सगळं ठरवून झालं होतं.

"पुढच्या पावसाळ्यात कच्छ. त्याच्या पुढच्या जैसलमेर. उंटावर बसायचं."

"माझी कंबर?"

"तुझ्यासाठी बसका उंट सांगू. मग विजापूर, मग हंपी. दरवर्षी एक. मोबाइलवर सूर्य शोधायचा आणि निघायचं. आधी बुकिंग नाही, काही नाही. मग रिटायर झाले ना मी, की इथेच कुठेतरी खोली घ्यायची, अशी गच्चीवाली. तू आणि मी. दादा येईल शनिवार-रविवार."

मी डोळे मिटूनच ऐकत होते. तुझा आवाज इतका हलका मी कधी ऐकला नव्हता. त्यात एक प्रश्न आपोआप निघून गेला माझ्या तोंडून. "आणि आई?"

तू थांबलीस. "मी आई गेल्यावरचं म्हणत होते," म्हणालीस.

मग तुला कळलं आपण काय बोललो. तू दोन्ही कानांना हात लावलेस. "देवा, तसं नाही. वहिनी, तसं नाही म्हणायचं मला."

मी म्हटलं, "मी पण."

तू माझ्याकडे बघितलंस. मग दोघींनी समोरच्या चादरींकडे बघितलं. आईंच्याच चादरी होत्या त्या. वाऱ्याने फुगत होत्या. तुझे डोळे भरले होते, माझेही. वैशू, माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, मी कोणाशी इतकं खरं बोलले नव्हते. दोन शब्दच होते.

तिथेच थांबायला हवं होतं. पण तू थांबणारी नव्हतीस. रात्रीच्या जेवणाला खानावळीत बसलो, भाकरी आली, शेंगदाण्याची चटणी आली, आणि तू विषय काढलास.

"पनवेलच्या पुढे एक सेंटर आहे. आमच्या ऑफिसातल्या एकीने सासऱ्यांना ठेवलं होतं. नर्स आहेत, जागा कोरडी आहे, कपडे वाळवायचं मशीन आहे. पावसाळ्यातला एकच महिना. आईला तिथे ठेवू."

"नाही."

"का?"

"तू लेक आहेस. तू ठेवलंस तर लोक म्हणतील, बिचारी नोकरी करते, काय करेल. मी ठेवलं तर सुनेने सासू टाकली."

"मी सांगते ना सगळ्यांना की मी ठेवलं."

"तुला कोण विचारणार आहे? बोलतील ते माझ्या पाठीमागे."

"बोलू देत."

"तुझी पाठ नाहीये ती."

"वहिनी, तिला काही वाटणार नाही. मी ओळखते तिला."

"दिवसभर त्यांचं मीच करते," मी म्हटलं. "मी पण ओळखते."

खानावळवाला आमटी वाढायला आला आणि आपली तोंडं बघून तसाच परत गेला. खोलीवर येऊन दोघी एकमेकींकडे पाठ करून झोपलो. सकाळी बसमध्ये मात्र तू मला खिडकी दिलीस.

घरी पोचलो तर तुझ्या दादाने दार उघडलं. दाढी वाढलेली, खांद्यावर टॉवेल, डोळे लाल. मधे त्याचा एकदाच फोन आला होता, डायपरची पुढची बाजू कुठली आणि मागची कुठली ते विचारायला. आता आपल्याला आत घेत म्हणाला, "रोज असं असतं?"

"नाही," तू म्हणालीस, "रोज पाऊस नसतो."

तो आतल्या खोलीत आईंच्या पलंगाशेजारी जमिनीवर झोपला होता म्हणे. त्यानंतर रविवारची सकाळ त्याने स्वतःकडे घेतली. पहिल्यांदा तो दर गोष्टीला मला हाक मारायचा. नंतर नाही. हे तुझ्यामुळे झालं. मी नुसती सांगत बसले असते तर या जन्मात झालं नसतं.

आणि आईंच्या अंगाखाली ती सांगोल्याची चादर घातली, तेव्हा त्यांनी तिचं टोक नाकाशी नेलं. "उन्हाचा वास येतुया गं," म्हणाल्या. मग तुझ्याकडे बघून, "काळी पडलीस की भवाने."

कच्छ झालं नाही. पुढच्या पावसाळ्यात आईंना न्यूमोनिया झाला आणि आपण हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये तो काढला. या वर्षी तू म्हणत होतीस, नक्की. आणि सेंटरचं भांडण काही मिटलं नाही. चादरी पिळताना, भाजी निवडताना, कुठूनही तू तिथे यायचीस. अगदी शेवटच्या आठवड्यातही. "वहिनी, एक दिवस आपल्यापैकी एक जण पडणार, तेव्हा बघ," म्हणालीस. मला वाटलं तू माझ्याबद्दल बोलतेयस.

त्या सकाळचं मला लिहायचं नाही. तू बसमध्ये मैत्रिणीला म्हणालीस, गॅस झाला असेल, छातीत भरून आलंय. उलव्याच्या अलीकडेच ड्रायव्हरने बस हॉस्पिटलकडे वळवली. तिने फोन केला तेव्हा मी आईंना भरवत होते. बस, एवढंच.

पण एक तुला सांगायला हवं. तुला नेसवायची वेळ आली तेव्हा तुझ्या मोठ्या काकू हिरवी साडी आणि हिरव्या बांगड्या घेऊन आल्या. नवरा जिवंत आहे ना तिचा, सवाष्णच गेली ती, त्याला पण कळवायला हवं, म्हणाल्या. मी म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, तू कोण ठरवणार? तुझ्या दादाने बाहेरून सांगितलं, "ती म्हणते तसं करा." मी तुझी मोरपिशी कॉटन काढली, पगारातून घेतलेली पहिली. बांगड्या घातल्या नाहीत. घड्याळ घातलं.

तुला वर आणलं नाही. खाली पार्किंगमध्येच सगळं झालं, कारण आईंना कळू द्यायचं नाही असं सगळ्यांनी ठरवलं. धक्का बसेल, हार्ट कमजोर आहे. जो तो सांगून आपापल्या घरी गेला, आणि सांभाळायला मी राहिले. तुला ऑफिसने कामासाठी गुजरातला पाठवलंय, असं आम्ही त्यांना सांगितलं. तुझ्या दादाला ऐन वेळी दुसरं गाव सुचलं नाही.

रोज सकाळी मी त्यांना पुसायला घेतलं की विचारायच्या, "वैशीचा फोन आला हुता?"

"हो, आई."

"जेवती का यळेवर?"

"हो, जेवते."

"तिथं बी पाऊस हाय?"

"नाही. तिथे ऊन आहे."

हे रोज. वैशू, मी आजवर पुष्कळ कामं केली, पण इतकं दमवणारं काम केलं नव्हतं. रडायचं असेल तर बाथरूममध्ये नळ सोडून. तुझा फोटो लावायचा नाही. कोणी भेटायला आलं तर दारातच गप्प करायचं. तुझ्यासाठी रडायला मला स्वतःच्या घरात जागा नव्हती.

मग मला ताप आला. साधाच, पावसाळी. पण आईंची कूस बदलताना माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी पलंगाच्या दांडीला धरून खाली बसले. आई वरून माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी हात खाली सोडला आणि माझ्या डोक्यावर ठेवला.

"सुजाता," त्या म्हणाल्या, "वैशी गेली न्हवं?"

मी वर बघितलं नाही.

"मी आई हाय तिची. तुमी समदी दारं लावून रडत हुता आन् मला गुजरात सांगत हुता. म्या म्हनलं, पोरं सांगत्यात तर ऐकून घ्यावं. तुमाला तेवढाच आधार."

मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. त्या रडत होत्या की नाही मला माहीत नाही, आवाज येत नव्हता. खूप वेळाने त्यांनी विचारलं, "काय नेसवलंस तिला?"

मी सांगितलं. मोरपिशी साडी. घड्याळ. बांगड्या नाही, हेही सांगितलं.

"ब्येस केलंस," म्हणाल्या.

आणि मग तुझं ते सांगितलं. माझे केस बोटांनी सारखे करत, अगदी सहज. "तुमी सांगोल्याला जाऊन आलासा न्हवं, त्याच्या दुसऱ्या दिशी तिनं मला इचारलं. आई, पावसात म्हैनाभर तुला दुसरीकडं ठिवलं तर चालंल का? म्या म्हनलं, चालंल की. कोरडं तरी ऱ्हाईन. पर सुजाताला सांगू नगंस म्या हो म्हनले म्हनून. तिला वाटंल, म्हातारीला माझं हात नकोसं झालं."

वैशू, दोन पावसाळे! दोन पावसाळे तू माझ्याशी भांडलीस, आणि सगळा वेळ तुझ्याकडे हे एक वाक्य होतं. "आई हो म्हणालीय." एवढं म्हटलं असतंस तर मी गप्प बसले असते. तू पिळलेल्या चादरीचं टोक माझ्या अंगावर आपटलंस, दोन दिवस अबोला धरलास, मला हट्टी म्हणालीस, लोकांना घाबरणारी म्हणालीस, पण ते नाही म्हणालीस. आईला शब्द दिला होता म्हणून? की मला वाईट वाटेल, ते खरंच तुलाही नको होतं? हे विचारायला तू हवी होतीस. मला आधी तुझा राग आला. मग इतकं भरून आलं, की आईंनाच म्हणावं लागलं, "ऊठ आता, ताप हाय तुला."

आम्ही आईंना तिथे ठेवलं. हो, त्याच सेंटरमध्ये. तुझी जीत झाली असं समजू नकोस, माझं म्हणणं अजून तेच आहे की लोक बोलणार. आणि बोललेच. तुझ्या काकूंचा फोन आला, "ठेवलंस म्हणे सासूला?" मी म्हटलं, "हो, ठेवलं." मग त्यांनी पावसाचं विचारलं आणि फोन ठेवला.

तुझा दादा म्हणाला, आता जाऊ या का कुठे दोन दिवस, जिथे ऊन असेल तिथे. चांगल्या मनाने म्हणाला. त्यालाही तुझ्याशिवाय घर खायला उठतं. मी म्हटलं, बघू. पुढचं काही ठरवायचं म्हटलं की अजून माझ्याने होत नाही. ते खातं तुझं होतं. मी कुठे गेले नाही. झोपले. सकाळी त्याला डबा देऊन झोपायचे ते दुपारी उठायचे, चहा प्यायचे, पुन्हा झोपायचे. पाऊस ऐकू येत असायचा आणि त्याचं माझं काही देणंघेणं नसायचं. घरात एकही चादर दोरीवर नव्हती.

काल रविवारी आईंना भेटायला गेलो. खोली खरंच कोरडी आहे. पाठीवरचं पुरळ गेलंय. चहा पातळ असतो म्हणून त्यांनी तिथल्या नर्सशी भांडण काढलंय आणि त्या नर्सने त्यांचं नाव पाटलीणबाई ठेवलंय. तुझा दादा औषधांचं विचारायला ऑफिसमध्ये गेला. मी पलंगापाशी खुर्चीत बसले. शेजारच्या पलंगावर नाशिककडच्या एक म्हाताऱ्या बाई आहेत. त्या केव्हापासून माझ्याकडे बघत होत्या. शेवटी त्यांनी आईंना विचारलं, "लेक का हो तुमची?"

"न्हाई," आई म्हणाल्या.

मी हातातल्या पिशवीतून संत्री काढत होते. आता त्या सून म्हणतील, आणि ती बाई मला खालून वर बघेल, हे मला माहीत होतं. मी त्याची तयारी करून बसले होते.

आई म्हणाल्या, "ही माझ्या वैशीची वहिनी."

माझ्या हातातलं संत्रं तसंच राहिलं. वैशू, तू गेल्यापासून मला त्या नावाने कोणी हाक मारली नव्हती. मी तिथे, त्या चारचौघींत, नळ न सोडता, तोंड न लपवता रडले. आईंनी मला रडू दिलं.

ती बाई जराशी गोंधळली. "आणि वैशी कोण?" तिने विचारलं.

आईंनी उशीला टेकून मान सारखी केली आणि तुझ्याबद्दल सांगायला सुरुवात केली, अगदी तुझ्या जन्मापासून. मी खुर्ची पुढे ओढली आणि ऐकत बसले.